न जाणाऱ्यांची मोजणी

माझी आई शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगत राहिली की विद्या रेल्वेत आहे. मी रेल्वेत कधीच नव्हते. अंधेरीला मरोळच्या बाजूला एका गाळ्यात आमचं खासगी ऑफिस होतं आणि तिथे पगार घेऊन मी माणसं मोजायचे. पण वाकोल्याच्या आमच्या चाळीत ‘मुलगी माणसं मोजते’ असं सांगितलं असतं तर माझं लग्न जमलं नसतं, असं आईचं ठाम मत होतं. वडील गिरणीतले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले. घरात कुणीतरी परमनंट आहे असं वाटण्यात तिला सुख होतं. मग मीही ते मोडलं नाही.

आता निवृत्त झाले, आई नाही, लग्नही होऊन जुनं झालं. तेव्हा खरं काय करत होते ते सांगायला हरकत नाही.

काम असं. एखाद्या वस्तीतले लोक नवीन स्टेशन मागतात. अर्ज जातात, शिष्टमंडळं जातात, निवडणुकीच्या तोंडावर फलक लागतात. मग कधीतरी वरून विचारणा होते की बघा तरी, खरंच गरज आहे का. ते बघायचं कंत्राट आमच्यासारख्यांना मिळतं. आम्ही वस्तीतल्या गल्ल्यांच्या तोंडाशी उभं राहायचं. सकाळपासून किती माणसं बाहेर पडतात, कुठे जातात, कशाने जातात, इथे स्टेशन झालं तर इथून चढतील का, हे मोजायचं आणि विचारायचं. हातात एक छोटं यंत्र, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने वाढतो. माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर थंडीत अजून ठणकतं. नवरा म्हणतो, ही तुझी पेन्शन.

लोकांच्या अर्जात दोन मागण्या नेहमी जोडीने असत. स्टेशन द्या आणि गाड्या वाढवा. या दोन मागण्या एकमेकींच्या सख्ख्या वैरिणी आहेत हे कुणाला पटत नसे. गाडी एका जागी जास्तीची थांबली की मागची गाडी थांबते, तिच्या मागची थांबते, आणि दिवसभरात मिळून काही फेऱ्या कमी होतात. म्हणून नव्या स्टेशनाची खरी आशा तिथेच, जिथे जास्तीची लाईन टाकायची चाललेली असते. मी हे सभांमधून जीव तोडून समजावायचे. लोक शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी कुणीतरी उठून म्हणे, “ते बरोबर आहे मॅडम, पण स्टेशन द्या आणि गाड्या वाढवा.”

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. बोरिवलीच्या बाजूला एका सोसायटीचे सेक्रेटरी होते, बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. त्यांना स्टेशन हवं होतं, पण माणसं नको होती.

“जिना आमच्या गेटसमोर उतरवा,” ते म्हणाले, “पण फेरीवाले, रिक्षावाले आणि त्या पलीकडच्या बाजूचे लोक, त्यांची व्यवस्था तुम्ही वेगळी करा.”

मी विचारलं, “मग त्या स्टेशनात यायचं कोणी?”

“आम्ही,” ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. मला हसूही येईना आणि रागही येईना.

दुसरा एक बिल्डरचा माणूस. अंधेरीला आमच्या ऑफिसात मिठाईचा पुडा घेऊन आला. त्याला अहवाल वगैरे काही नको होता. नकाशावर फक्त एक ठिपका हवा होता, त्यांच्या टॉवरच्या शेजारी. ठिपक्याखाली ‘प्रस्तावित’ एवढंच लिहा म्हणाला. मी म्हटलं, प्रस्ताव आलेला नाही. तो म्हणाला, “मॅडम, मी करतोय ना आत्ता प्रस्ताव.” मिठाई परत पाठवली. ठिपका त्यांनी पुढे आपल्या जाहिरातीत स्वतःच छापून घेतला. त्या ठिपक्याच्या भरवशावर घर घेतलेलं एक जोडपं नंतर मला एका लग्नात भेटलं आणि स्टेशन कधी होतंय म्हणून विचारायला लागलं.

पण हे सगळं चटणी-कोशिंबीर. मला लिहायचं आहे ते टाकेपाड्याबद्दल.

टाकेपाडा हे खरं नाव नव्हे. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधे, डोंगराच्या उतारावरून रुळांपर्यंत उतरलेली एक वस्ती, एवढं पुरे. वर पत्र्याची घरं, मधे चाळी, आणि अगदी खाली, रुळांच्या भिंतीला लागून, बैठ्या घरांची एक ओळ. त्या ओळीतच बुद्धविहार, बालवाडी आणि किराण्याचं दुकान. वस्तीत निम्मे लोक सातारा-सोलापूरकडचे बौद्ध, बाकीचे बरेचसे कोकणातले, गिरण्या बंद झाल्यावर स्वस्त जागा शोधत इकडे आलेले. रुळांच्या पलीकडे नाला आणि एका बंद कारखान्याची भिंत. गाड्या घरांच्या समोरून धडधडत जायच्या आणि एकही थांबायची नाही. स्टेशन गाठायला शेअर रिक्षा, रिक्षाला रांग, आणि नाक्यावर रोजची कोंडी. प्रवासापेक्षा स्टेशनपर्यंत पोचायलाच जास्त वेळ.

जास्तीच्या लाईनचं काम त्या पट्ट्यात यायचं होतं, म्हणून टाकेपाड्याचा अर्ज या वेळी कुणीतरी खरोखर उघडून वाचला आणि मोजणी आमच्याकडे आली.

स्थानक समितीच्या अध्यक्ष शालनताई कांबळे. महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत, केसांचा घट्ट अंबाडा. पहिल्या भेटीत त्यांनी मला चहा दिला आणि सरळ सांगितलं, “मॅडम, मला हे स्टेशन माझ्या पोरीसाठी पाहिजे. समाजासाठी वगैरे भाषणात बोलते. तुम्हाला खरं सांगते.”

पोरगी म्हणजे प्रज्ञा. लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेली, अंधेरीला एका तपासणी केंद्रात चांगली नोकरी. रिक्षा, मग लोकल, घाटकोपरला मेट्रो, मग चालत. मूल झाल्यावर पाळणाघर बंद व्हायच्या आत तिला परत पोचता येईना. प्रज्ञाचं सासर वस्तीतलंच, पण सासू अंथरुणाला खिळलेली. शालनताईंची स्वतःची नोकरी तेव्हा चालू होती. शेवटी प्रज्ञाने राजीनामा दिला. “माझ्या ड्युटीपायी तिची गेली,” शालनताई म्हणाल्या. “रिटायर झाले त्या दिवशी ठरवलं, आता हे स्टेशन आणूनच दाखवते. तिला परत कामावर पाठवते.”

पुढची सात-आठ वर्षं त्या बाईने एकच धोशा लावला होता.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. मोजणीची तारीख वस्तीला कळू द्यायची नसते. साधी माणसं साध्या दिवशी जशी वागतात तशी वागली पाहिजेत. पण माझ्या हाताखाली मोजायला मुली असायच्या, आणि मुली सकाळपासून दुपारपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणार म्हटल्यावर पहिली चौकशी संडासाची करावी लागते. पुरुष साहेबांना हे कधी सुचायचं नाही. टाकेपाड्यात ती सोय फक्त विहाराच्या मागे होती आणि किल्ली शालनताईंकडे. मी त्यांना मंगळवारची किल्ली मागितली. त्यांनी लगेच दिली, कशाला ते विचारलंसुद्धा नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मंगळवारी सकाळी आम्ही छत्र्या आणि स्टुलं मांडून बसलो आणि टाकेपाडा खाली उतरायला लागला.

मी अनेक वस्त्या मोजल्या, पण असं कधी पाहिलं नव्हतं. पुरुष, बायका, म्हाताऱ्या, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. ज्यांच्या पायात घरात चप्पल नसे त्यांच्या पायात बूट. सत्तरीच्या आज्या खांद्याला ऑफिसची पर्स लावून. एकीला मी विचारलं, “आजी, कुठे जाता?”

“ड्युटीवर.”

“कुठली ड्युटी?”

आजी गोंधळल्या आणि मागे वळून सुनेला म्हणाल्या, “अगं, माझी कुठली सांगितलीस?”

माणसं पुढच्या गल्लीने उतरायची, रुळांच्या भिंतीकडेने वळून मागच्या पायऱ्यांनी वर चढायची आणि पुन्हा पुढच्या गल्लीने उतरायची. एक गृहस्थ माझ्यासमोरून तीनदा गेले, दर वेळी डबा वेगळ्या हातात. साकीनाक्याहून, वाकोल्याहून पाहुणे बोलावलेले होते. वाकोल्याची एक बाई तर मला ओळखून म्हणाली, “तू सावंतांची विद्या ना? रेल्वेत आहेस ना तू?” विहारात पोह्यांचं पातेलं चढवलेलं होतं, मोजून झालेल्या माणसांसाठी. माझ्या मुलींनाही प्लेटा आल्या. अंगठा चालवता चालवता मला इतकं हसू येत होतं की दोनदा यंत्र चुकलं.

दुपारी मी शालनताईंना गाठलं. “ताई, हे काय केलंत?”

“काय केलं? माणसं दाखवली.”

“अहो, ही खोटी गर्दी आहे.”

“मॅडम, मोर्चाला माणसं जमवतात तेव्हा कोण विचारतं, खरी किती नि आणलेली किती? आम्हाला पाणी कधी मिळालं? हजार हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर गेलो तेव्हा. लाईट कधी मिळाली? रस्त्यात बसलो तेव्हा. चार माणसं दाखवली तर या देशात काही मिळतं का? तुम्हीच सांगा ना.”

बाईचं चुकत नव्हतं. त्यांना आयुष्याने जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. फक्त मोजणी हा मोर्चा नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मोजणी म्हणजे शिंप्याची टेप. टेप लावताना छाती फुगवून उभं राहिलं की ब्लाऊज ढगळ शिवला जातो. आणि स्टेशन ढगळ झालं तर ते कापड येतं कुठून, हे त्यांना पुढच्या महिन्यात कळायचं होतं.

ऑफिसात मी साहेबांना सांगितलं की हे आकडे धरू नका, पुन्हा मोजावं लागेल. साहेब म्हणाले, पुन्हा मोजणीचा खर्च कोण देणार. आधी या आकड्यांवर कच्चा आराखडा तर काढून बघू. आराखडा काढला. एवढी माणसं म्हणजे फलाट रुंद. रुंद फलाट म्हणजे दोन पूल, रुंद जिने. जिन्याखाली माणसं सांडणार म्हणजे मोकळी जागा, रिक्षा उभ्या राहायला जागा. पलीकडे नाला आणि कारखान्याची भिंत, तेव्हा हे सगळं अलीकडे. ड्राफ्ट्समनने लाल पेन्सिल ओढली ती रुळांलगतच्या संपूर्ण ओळीवरून गेली. विहार, बालवाडी, किराण्याचं दुकान, आणि उजवीकडून तिसरं घर शालनताईंचं.

नियमाप्रमाणे कच्चा आराखडा वस्तीला दाखवावा लागतो. मी तो गुंडाळून विहारात नेला आणि सतरंजीवर पसरला. आधी आनंद झाला. एवढं मोठं स्टेशन, दोन पूल, लोक कौतुकाने बोटं फिरवत होते. मग कुणीतरी विचारलं, ही लाल रेघ कसली. मी सांगितलं, रेघेच्या आतली घरं उठणार.

गावडे काका म्हणून कुडाळकडचे एक म्हातारे होते, त्याच ओळीत राहणारे, त्या मंगळवारी डबा घेऊन तीनदा गेलेले. ते चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे गो बाय, आमीच आमका उठवलंव?”

मग भांडण लागलं. वरच्या बाजूचे लोक म्हणाले, एवढं मोठं स्टेशन मिळतंय तर घ्या की, खालच्यांना दुसरीकडे घरं मिळतीलच. खालचे म्हणाले, दुसरीकडे म्हणजे कुठे, खाडीपलीकडच्या त्या इमारतींत, जिथे बसही जात नाही? स्टेशन आमच्या घरांवर आणि आम्ही बिनस्टेशनाच्या गावाला? शालनताई मधे बसलेल्या. एरवी त्यांच्या आवाजाला माईक लागत नसे. त्या दिवशी त्या आराखड्यातलं उजवीकडून तिसरं घर बघत बसल्या होत्या. फार वाईट वाटलं मला.

शेवटी त्या उठल्या. “पुन्हा मोजा,” म्हणाल्या. “आणि ऐका रे सगळे. त्या दिवशी जो जाणार असेल तोच जाईल. बाकीच्यांनी घरात बसायचं. पोहे नाहीत.”

साहेबांना मी कसं पटवलं ते लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पुन्हा मोजणी झाली. या वेळी शालनताई सकाळपासून माझ्या स्टुलाशेजारी उभ्या होत्या, शिस्त लावायला. गल्लीतून खरी माणसं खरी उतरत होती. पुरुष जास्त, बायका अगदी तुरळक. ऊन वर आलं तसं मला कळायला लागलं की हे काही खरं नाही. एवढ्याशा माणसांवर कुणी स्टेशन देणार नाही.

मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी गल्लीकडे बघितलं. मग पहिल्यांदाच मला अगं म्हणाल्या.

“अगं, तू फक्त जाणाऱ्यांना मोजतेस.”

“ताई, मोजणी तीच असते.”

“आणि न जाणाऱ्यांना कोण मोजणार? ती वरची सुनीता, गारमेंटमध्ये होती, सोडलं. कदमांची सून शिकवायला जायची, सोडलं. माझी प्रज्ञा. त्या मंगळवारी ती आली होती, तू पाहिलीस का? जुना ड्रेस घातला होता कामावरचा, गळ्यात ते ओळखपत्र. मी सांगितलं नव्हतं तिला घालायला. तुला ते सोंग वाटलं ना? त्या पोरी सोंग नव्हत्या करत, विद्या. स्टेशन नाही म्हणून त्या उतरत नाहीत. आणि त्या उतरत नाहीत म्हणून तू स्टेशन देत नाहीस.”

इतकी वर्षं मी हे काम केलं. नकाशे, आकडे, अहवाल, सगळं पाठ. पण त्या पहिल्या मंगळवारच्या गर्दीत मी फक्त वाकोल्याची बाई आणि पर्सवाल्या आज्या बघून हसत होते. त्या गर्दीत कितीतरी बायका अशा होत्या की ज्या एकेकाळी खरोखर त्याच कपड्यांत कामाला जात होत्या.

घरोघरी जाऊन विचारायची एक पद्धत आमच्या धंद्यात आहे. वेळखाऊ असते म्हणून सहसा कुणी करत नाही. मी आणि माझ्या मुलींनी टाकेपाडा घरोघर पालथा घातला. घरात आहेत त्यांना विचारायचं, काही काम सोडलंय का, का सोडलं, स्टेशन झालं तर पुन्हा जाल का. जिथे नाही म्हणतील तिथे नाही लिहायचं, ही माझी सक्त ताकीद. दारात उभ्या राहून बायका अशा बोलायला लागल्या की माझ्या मुलींना पुढच्या घरी जाता येईना. एकीने आतून आपला जुना युनिफॉर्म आणून दाखवला. एक म्हणाली, मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आणि काहींनी हसून सांगितलं की बरं झालं सुटलं, आता पुन्हा कोण मरतंय. तेही लिहिलं.

आकडा मधला आला. मोर्चाएवढा नाही आणि त्या उदास सकाळीएवढाही नाही. नव्या आराखड्यात अरुंद फलाट, एक पूल, आणि जिना विहार आणि दुकानाच्या मधल्या बोळात उतरवलेला. घरांची ओळ वाचली. अहवालात न जाणाऱ्यांचं प्रकरण मी स्वतंत्र लिहिलं. साहेबांनी नाक मुरडलं, पण सही केली. प्रस्ताव पुढे गेला, त्यावर अनुकूल शेरा पडला, आणि जास्तीच्या लाईनचं काम त्या टप्प्यात पोचलं की टाकेपाड्याचा विचार होईल असं उत्तर समितीला मिळालं. या ‘होईल’वर मी तीस वर्षं पोट भरलं आहे, म्हणून जास्त बोलत नाही. पण तिथल्या एकाही घरावर आज लाल रेघ नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. घरोघरी फिरताना शेवटचं घर शालनताईंचं ठेवलं होतं. संध्याकाळ झाली होती. त्या मेथी निवडत बसल्या होत्या, शेजारी प्रज्ञा, वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासत. वस्तीतल्या मुलांची शिकवणी ती घरीच घ्यायची. मला वाटलं, हे एक घर तरी पटकन होईल.

मी विचारलं, “प्रज्ञा, स्टेशन झालं तर कामावर परत जाशील?”

तिने वही मिटली. “मावशी, खरं लिहिणार ना?”

“हो.”

“मग ‘नाही’ लिहा.”

शालनताईंचा हात थांबला.

“तेव्हा असतं तर गेले असते,” प्रज्ञा म्हणाली. आवाजात राग नव्हता. “धावत गेले असते. आता लॅबमधली सगळी मशीनं बदललीत. माझ्याबरोबरच्या पोरी इन्चार्ज झाल्या. मी आता तिथे जाऊन पुन्हा पहिल्यापासून नाही करणार. शिकवणी मला आवडते. आई, मी तुला हे कधीपासून सांगणार होते.”

बाहेरून एक गाडी गेली, भांड्यांच्या मांडणीतले पेले थरथरले आणि थांबले. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. सात-आठ वर्षं, किती कचेऱ्या, किती खुर्च्यांसमोर हात जोडणं, आणि घर मोडता मोडता राहिलं. ज्या पोरीसाठी हे सगळं, ती नाही म्हणत होती, आणि खरं तेच सांगत होती.

शालनताईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “ती म्हणते ते लिही,” म्हणाल्या. “इतरांचं ‘नाही’ लिहिलंस, तर हिचंही लिही.”

मी लिहिलं. कागद पिशवीत घालायला लागले.

“मला नाही विचारलंस.”

“तुम्हाला?” मी म्हटलं. “ताई, तुम्ही तर रिटायर.”

“घरात बसलेल्या बाईला विचारायचं होतं ना? मी बसलीये घरात. विचार.”

मी पुन्हा कागद काढला. “स्टेशन झालं तर तुम्ही जाल?”

“जाईन.”

“कुठे?”

त्यांनी पदराला हात पुसले. प्रज्ञाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचा, विहाराच्या मागच्या ओळीला ऐकू जाईल असा.

“आधी ड्युटीला गेले, मग अर्ज द्यायला गेले. गाडीत बसले ती कायम कुणाचं तरी काम घेऊन. एकदा नुसती जाईन. हिला घेऊन जाईन, शिकवणीला सुट्टी देऊन. कुठे ते गाडीत बसल्यावर ठरवू.”

प्रज्ञाने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. “माझं ‘नाही’ लिहिलंय आई त्यांनी,” ती म्हणाली.

“कामाला नाही म्हणालीस तू,” शालनताई म्हणाल्या. “फिरायला कुठे नाही म्हणालीस?”

प्रज्ञा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी दोघींना जाणाऱ्यांत धरलं.